डोंगराईच्या रेघेची कहाणी

ऐक डोंगराई, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं, डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं. नगराला राजा होता, राजाला राणी होती, राणीच्या घरी कशाला काही कमी नव्हतं. नगराच्या वर, चढावर, रानाला लागून पानवाडी होती. वाडीतली माणसं पळसाची पानं तोडीत, पत्रावळी लावीत, डोक्यावर भारे घेऊन नगरात येत. लग्न असो, मुंज असो, श्राद्ध असो, पानवाडीच्या पत्रावळीवाचून नगरात पंगत बसत नसे. पंगत उठली की पत्रावळी उकिरड्यावर जात, आणि वाडीची आठवण पुढच्या पंगतीपर्यंत कुणाला होत नसे.

त्या नगरात डोंगराईचा वसा होता. फार जुना. माघ सरला, गवत वाळलं, की घरटी एका बाईनं खुरपं घ्यावं, वाडीच्याही वर रानाच्या कडेला जावं, आणि गवत खरवडून उघड्या मातीची रेघ ओढावी. दोन बैल शेजारी चालतील एवढी रुंद. वणवा रानातून उतरला की रेघेशी यावा, खायला काही न मिळून तिथंच निजावा. मग बायकांनी रेघेवर हळदकुंकू वाहावं, डोंगराईला भाकरीचा नैवेद्य दाखवावा, घरी यावं. असा वसा सासूनं सुनेला दिला, सुनेनं आपल्या सुनेला दिला.

देता देता काय झालं? एकीला चढ चढवेना, तिनं देवळाभोवती रेघ ओढली. दुसरीचे हात खुरप्यानं सोलवटत, तिनं तुळशीभोवती रेघ ओढली. तिसरी ही आपली राणी. तिनं पाट मांडला, पाटावर डोंगराईचा टाक ठेवला, आणि पाटाभोवती रांगोळीची रेघ काढली. रेघ मोठी सुबक, वेलबुट्टीची. राणी काही वाईट नव्हती हो. उपास करी, सोवळं पाळी, कहाणी मनोभावे वाची. चढ चढून मात्र कधी गेली नव्हती.

वाडीत रानाकडचं शेवटचं घर हौसेचं. घरात ती आणि तिची सासू ठकू. ठकूचे पाय गेलेले. बसल्या जागी पत्रावळी लावी, आणि बसल्या जागी साऱ्या वाडीला नावं ठेवी. हौसेला म्हणे, "तुझी काडी जाड, तुझं पान फाटकं, तुझ्या पत्रावळीतून वरण गळेल." हौसा म्हणे, "गळू दे, आत्याबाई. जेवणारे बघून घेतील." ठकू म्हणे, "त्यांचं धोतर भिजेल आणि नाव माझं जाईल." मग दोघी हसत.

एके वर्षी पाऊस लवकर गेला. फाल्गुन लागला, आणि पलीकडच्या डोंगरावर धूर दिसला. ठकू म्हणाली, "हौसे, जा. राणीला सांग, रेघेचे दिवस आले. वाडीच्या चार हातांनी एवढी रेघ व्हायची नाही." हौसा पत्रावळींचा भारा घेऊन वाड्यावर गेली. राणी कहाणी वाचायला बसत होती. हौसा म्हणाली, "राणीबाई, पलीकडच्या डोंगरावर वणवा लागलाय. खुरपी घेऊन बायका पाठवा." राणी म्हणाली, "अगं, रेघ झाली की. ये, बघ." हौसेनं पाट पाहिला, टाक पाहिला, रांगोळी पाहिली. "छान आहे," म्हणाली. "पण एवढीशी रेघ वणव्याला दिसायची कशी?" दासी हसल्या. राणी रागावली नाही. म्हणाली, "भाव मोठा हवा गं. देवीला भाव कळतो." हौसा म्हणाली, "देवीला कळेल, राणीबाई. गवताला कुणी सांगायचं?" दासी म्हणाली, "पत्रावळी ठेव आणि नीघ. फार बोलतेस." हौसा परत आली.

मग वणवा मधल्या डोंगरावर आला. नगरात वाळत घातलेल्या पापडांवर राख पडू लागली. हौसा पुन्हा गेली. "राणीबाई, वणवा मधल्या डोंगरावर आला." राणी म्हणाली, "आज माझ्याकडे सवाष्णी जेवायच्या आहेत. त्या उरकल्या की मी स्वतः राजाशी बोलते." दासी म्हणाली, "वारा तिकडे जातोय. इकडे काय येतंय?" राणीला हौसेची दया आली. तिनं तिची ओटी भरली, नारळ दिला. हौसा घरी आली. ठकूनं विचारलं, "माणसं कुठंत?" हौसा म्हणाली, "नारळ दिलाय." ठकू म्हणाली, "मग तो वणव्याला दाखव. परत जातो का बघू."

मग वणवा वाडीमागच्या डोंगरावर आला. दुपारची वेळ. बांबू फुटल्याचे आवाज येऊ लागले. वाडीनं पोरं आणि गुरं ओढ्याकडे धाडली. धडधाकट माणसांनी हिरव्या फांद्या तोडल्या, वर गेली, आग झोडपू लागली. ठकूला उचलायला दोन माणसं लागत, आणि माणसं तर सगळी वर. हौसा म्हणाली, "आत्याबाई, मी नगरातून माणसं घेऊन येतेच. तोवर बसा." ठकू म्हणाली, "बसण्याशिवाय मला दुसरं काय येतं? जा, धाव."

हौसा धावत वाड्यावर आली. दारात पहारेकरी. म्हणाला, "राणीबाई पूजेत आहेत. आरती व्हायचीय." हौसा म्हणाली, "वणवा वाडीशी आला." पहारेकरी म्हणाला, "आरतीत निरोप देता येत नाही. मागं परसात बस." हौसा परसात बसली. उठली, बसली. आतून घंटेचा आवाज येत राहिला.

आरती झाली. राणी गच्चीवर उदक सोडायला गेली, आणि तिनं डोंगर पाहिला.  तशीच खाली आली, समोरच्या दारानं बाहेर पडली, राजाला सांगितलं, नगारा वाजवला. माणसं कुदळी-फावडी घेऊन गोळा झाली. "रेघ कुठून ओढायची?" राणी म्हणाली, "देवळामागून ओढा." एक जण म्हणाला, "जुनी रेघ वाडीच्या वरून जायची म्हणतात." दुसरा म्हणाला, "तिथवर पोचेपर्यंत नगर जळेल." माणसांनी देवळामागून रेघ ओढली. नगर रेघेच्या आत राहिलं, वाडी रेघेच्या बाहेर. मग राजाचा कारभारी म्हणाला, "रेघेपासून वर उलटी आग सोडू. आगीला आग भेटली की दोन्ही मरतात." पलिते पेटवले. तेवढ्यात एक म्हातारा माळी म्हणाला, "वाडीत कुणी राहिलं नाही ना?" सगळ्यांनी राणीकडे पाहिलं. राणीनं वर पाहिलं. धूर दाटला होता, काही दिसत नव्हतं. राणी म्हणाली, "असतील गेले सगळे."

उत्तर तिच्या परसात बसलं होतं. तिनं परसात विचारलं नाही.

पलिते गवताला लागले. आग चढावर धावते, तशी ती धावली. नगारा हौसेला आरतीचाच वाटला होता. आता गलका ऐकला, तसं तिनं परसाचं दार ढकललं, देवळामागं आली. पाहते तों तिच्या आणि तिच्या घराच्या मधे आग उभी. माणसांनी तिला दोन्ही दंडांना धरून ठेवलं. वर वाडीच्या माणसांनी वणवा झोडपून जवळजवळ निजवला होता. खालून दुसरी आग येताना पाहिली, तेव्हा फांद्या टाकल्या आणि ओढ्यात उड्या घेतल्या. डोंगराची आग वाडीपर्यंत आलीच नाही. नगराची आग आली. वाडी जळली. ठकू जळली. बसली होती तिथं बसून.

नगर वाचलं. लोक म्हणाले, डोंगराई पावली. राणीनं नैवेद्याचा बेत केला. चूल पेटवायला गेली, चूल पेटेना. सुकी लाकडं घातली, पेटेना. तूप ओतलं, पेटेना. कापूर ठेवला, कापूरही पेटेना. देवापुढचा दिवा विझला. शेजारणी एकमेकींकडे विस्तव मागायला गेल्या, तर साऱ्या नगरात कुणाच्या चुलीत ठिणगी नाही. लोक भिजवलेले तांदूळ चावून राहू लागले. लेकरं रडू लागली.

वर मात्र धूर दिसत होता. जळलेल्या वाडीतली माणसं एका उंबराखाली राहत होती. तीन दगडांची चूल होती, आणि ती पेटत होती.

राणीनं आधी दासीला धाडलं. हौसेनं खापरात विस्तव घालून दिला. विस्तव मागायला आलेल्याला रिकामं पाठवायची वाडीची रीत नव्हती. दासी देवळामागच्या रेघेशी आली, पाऊल आत टाकलं, विस्तव विझला. मग राणीनं पुरोहिताला धाडलं. त्यानं मंत्र म्हणत विस्तव आणला. रेघेशी आला, विस्तव विझला. मग राणी स्वतः निघाली. राखेतून चालत गेली. उंबराखाली हौसा बसली होती. राणी म्हणाली, "हौसे, मला माहीत नव्हतं गं." हौसा म्हणाली, "विचारलं नव्हतंत, राणीबाई." आणि खापरात विस्तव घातला. राणी रेघेशी आली. पदराआड धरलेला विस्तव तिच्या डोळ्यांदेखत काळा पडला.

राणी तिथंच रेघेवर बसली आणि रडू लागली. तों एक म्हातारी काठी टेकत आली. म्हणाली, "बाई बाई, का रडतेस?" राणी म्हणाली, "आजीबाई, रेघेशी आलं की विस्तव विझतो." म्हातारी म्हणाली, "विझेल नाही तर काय करील? तूच त्याला बजावलंस, या रेघेच्या आत पाऊल टाकू नकोस. तो तुझा शब्द पाळतोय." राणी म्हणाली, "मग आम्ही काय करावं?" म्हातारी म्हणाली, "ही रेघ बुजव. शेवटच्या घराच्या पलीकडे ओढ." राणी म्हणाली, "शेवटचं घर जळलं." म्हातारी म्हणाली, "मग आधी घर बांध."

राणीनं तिचे पाय धरले. म्हणाली, "आई, तू कोण ते मी ओळखलं. कहाण्यांत मेलेली माणसं उठून बसतात. मी वसा घेते, जन्मभर पाळते. ठकूला उठव." म्हातारी म्हणाली, "कहाण्या तू पुष्कळ वाचल्यास. रेघ हलवता येते, घर बांधता येतं. ठकू नाही." राणीनं डोळे पुसून पाहिलं, तों म्हातारी नाही. राखेत पावलं तेवढी उमटलेली, चढाकडे गेलेली.

मग राणीनं खुरपं घेतलं. नगरातल्या बायका मागोमाग आल्या, पुरुष कुडाचं सामान घेऊन आले. कच्चं धान्य खाऊन सगळे राबले. राणीच्या हातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. वाडी बांधली, आणि शेवटी हौसेचं घर शाकारलं. त्याच्या पलीकडे, रानाच्या कडेला, दोन बैल शेजारी चालतील एवढी मातीची रेघ ओढली. देवळामागची रेघ बुजवली. मग हौसेच्या चुलीतून विस्तव निघाला, हातोहात खाली आला, घराघरात गेला. चुली पेटल्या. देवापुढचा दिवा लागला. लेकरांनी ऊन ऊन भात खाल्ला.

राणी म्हणाली, "हौसे, नगरात ये. वाड्याशेजारी घर देते." हौसा म्हणाली, "मी खाली आले की शेवटचं घर दुसऱ्या कुणाचं तरी होईल." राणी म्हणाली, "मग तुला काय देऊ?" हौसा म्हणाली, "दर वर्षी रेघ ओढायच्या आधी माझ्या दारात या. 'कोण राहिलं?' म्हणून विचारा. मी सांगेपर्यंत थांबा."

दुसऱ्या वर्षी वणवा आला. रानातून उतरला, रेघेशी आला, खायला काही मिळालं नाही, तिथंच निजला. नगरातलं कुणी गेलं नाही, वाडीतलं कुणी गेलं नाही. पुढं राणी म्हातारी झाली, हौसाही म्हातारी झाली. पण माघ सरला की राणी खुरपं घेऊन चढ चढे, शेवटच्या दारात उभी राही. विचारी, "हौसे, कोण राहिलं?" हौसा बोलत नसे. राणी पुन्हा विचारी, "कोण राहिलं?" हौसा बोलत नसे. राणी तिसऱ्यांदा विचारी. मग हौसा म्हणे, "ठकू राहिली."

राणी मान खाली घाली.  मग पहिलं खुरपं मातीत पडे.

हा वसा कसा घ्यावा? माघ सरताना घ्यावा. रांगोळी घरी ठेवावी, खुरपं हाती घ्यावं. सगळ्यांत लांबच्या घराशी आधी जावं, कोण राहिलं ते विचारावं, उत्तराला थांबावं. मग त्या घराच्या पलीकडे रेघ ओढावी. घेतलेला वसा अर्ध्यावर ठेवू नये, दुसऱ्याच्या हातानं करू नये, धूर दिसेपर्यंत थांबू नये. याचं फळ काय? आपलं माणूस आणि परकं माणूस एका रेघेच्या आत राहतं.

डोंगराई, पुढच्या वर्षी तू त्यांना पावलीस, तशी तुम्हांआम्हांला, ऐकणाऱ्यांना आणि ऐकायला न पोचलेल्यांना पाव. मागं कुणी ठकू न ठेवता पाव. ही साठा उत्तरांची कहाणी, पांचा उत्तरी सांगितली, शेवटच्या घराशी सुफळ संपूर्ण.