टाचूचा टाका

परसात एक झाड. झाडाला एक पान. पानात टाचूचा पाळणा.

टाचू म्हणजे शिंपी पक्ष्याचं पिल्लू. इवलंसं, अंगठ्याएवढं!

पाळणा ताईने शिवला होता. ताई रोज गायची. टाचू रोज निजायचा.

आता ताई नाही. ताई लांब गेली. परत यायची नाही.

आणि एक दिवस, टर्रर्र! ताईचा एक टाका उसवला. पाळणा उघडा पडला.

टाचू निघाला कपाशीच्या बोंडाकडे. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"बोंडदादा, बोंडदादा, कापूस दे!
टाका बसेना, टाचू निजेना!"

बोंड म्हणालं, "माझी मूठ घट्ट रे. ऊन पडू दे, मग उघडीन."

टुणुक टुणुक. फांदीच्या टोकावर.

"सूर्यआजोबा, सूर्यआजोबा, ऊन द्या!
बोंड फुटेना, टाका बसेना, टाचू निजेना!"

सूर्य म्हणाला, "डोळ्यांवर ढगाचं पांघरूण आहे बाळा. ढग सरकू दे, मग बघू."

टुणुक टुणुक. आणखी वर.

"ढगोबा, ढगोबा, सरक ना!
ऊन पडेना, बोंड फुटेना, टाका बसेना, टाचू निजेना!"

ढग म्हणाला, "सरकू कसा? मला का पाय आहेत? वारा ढकलू दे."

टुणुक टुणुक. खाली गवतात. वारा झोपलेला. घुर्रर्र!

"वारेकाका, वारेकाका, उठा ना!
ढग सरकेना, ऊन पडेना, बोंड फुटेना, टाका बसेना, टाचू निजेना!"

वाऱ्याने एक डोळा उघडला. "मी गाण्याने उठतो रे. तुझी ताई गायची. आता तू गा."

टाचू फुगला. "ताईचं गाणं ताईचंच! आधी पाळणा, मग गाणं!"

"आधी गाणं, मग मी." आणि पुन्हा घुर्रर्र!

सगळे थांबले. बोंड उन्हासाठी. ऊन ढगासाठी. ढग वाऱ्यासाठी. वारा गाण्यासाठी. आणि गाणं?

गाणं टाचूच्या चोचीत.

टाचू रडला. खूप रडला. रडता रडताच गायला,

"टुवी टुवी, पान हलू दे,
टुवी टुवी, बाळ निजू दे..."

पुढचं आठवेना. मग तेवढंच पुन्हा गायला.

वारा उठला, सूंऽऽ सूंऽऽ!
ढग सरकला, हळू हळू.
ऊन पडलं, लख्ख!
बोंड फुटलं, फट्!

टाचूने कापूस घेतला. चोचीने ओढला. ताईच्या टाक्यांशेजारी टाचूचा टाका. जरासा वाकडा!

वाऱ्याने पाळणा झुलवला. टुवी टुवी, टुवी टुवी.

पान हललं, डोळा मिटला,
टाचूचा टाका पक्का बसला.