तीन वाढलेले मासे

एका राज्यात पश्चिमेच्या अंगाला बर्फाचे डोंगर होते आणि त्या डोंगरांतून तीन नद्या उतरत होत्या: दुधी, निळाई आणि थोरली. पाणी असे गार की घागर भरणारीची बोटे बधिर व्हावीत. त्या पाण्यात लाल-काळ्या ठिपक्यांचा एक चपळ मासा राहत असे. परमुलखातले व्यापारी त्याला ट्राउट म्हणत, राज्यातले लोक नुसताच ठिपका म्हणत. ठिपक्याला जाळे लावायचे नाही, गांडूळ दाखवायचे नाही, असा तिथला दंडक होता. गळाला रेशमाने पिसे बांधून खोटे पाखरू करायचे, घोड्याच्या केसांच्या दोरीने ते पाण्यावर अलगद उतरवायचे, आणि माशाला ते खरे वाटले तर मासा आपला; मग त्याला पुन्हा पाण्यात सोडून द्यायचे.

राजा रत्नकेतू या खेळापायी वेडा होता. संध्याकाळी दरबार भरला की तो दोन्ही हात पसरून दिवसाचा मासा दाखवी, आणि त्याच्या गळ-काठीची राखण करणारा म्हातारा रंभाजी पुढे होऊन म्हणे, "होय महाराज, मी पाहिला." साक्ष झाल्यावाचून मासा धरला असे कुणी मानत नसे. आता खरे सांगायचे तर राजाचे हात रोज जरा जास्तच पसरत. पण राजाला रंभाजीने अंगाखांद्यावर खेळवले होते. मासा हातभर इकडेतिकडे झाला तर कुणाचे काय बिघडते, असे त्याला वाटे.

एके दिवशी बिघडलेच. दुधीच्या उगमाशी राहणारा शीतनाथ नावाचा मांत्रिक त्या दिवशी दरबारात पाहुणा होता. राजाने हात पसरून दुधीतला दीड हाताचा मासा दाखवला. रंभाजीने साक्ष दिली. शीतनाथ शांतपणे उठला आणि म्हणाला, "तो मासा वीतभर होता. माझ्या डोहातले मासे मी रोज मोजतो. राजा, माशाला जेवढे दिलेस, तेवढे तुझ्या अंगातून जाईल."

साडेतीन हातांचा राजा अडीच हातांचा झाला. मुकुट कानांवरून घसरून गळ्यात आला.

दुसरा कुणी असता तर तिथे गप्प बसला असता. राजाने मात्र लाज झाकायला घाईघाईने परवाच्या निळाईतल्या माशाची गोष्ट काढली, तोही दीड हाताचा होता म्हणून सांगितले, आणि स्वतः दीड हाताचा झाला. मग त्याला रडू कोसळले. रडता रडता सातव्या वर्षी थोरलीत धरलेला आपला पहिलावहिला मासा त्याला आठवला. तो आठवला की त्याचे हात आपोआप पसरत, तसे पसरले, आणि राजा वीतभर उरला. राणी कनकप्रभेने धावत येऊन त्याच्या तोंडावर करंगळी ठेवली, म्हणून तेवढा तरी वाचला.

राणीचे डोळे पाहून शीतनाथ नरमला. त्याने उपाय सांगितला. राजाची उंची त्या तीन माशांना जाऊन चिकटली होती आणि तीनही मासे आता राजाने सांगितले तेवढे, म्हणजे खरोखरच दीड हाताचे झाले होते. त्यांना पुन्हा पिसांच्या पाखरानेच धरायचे, पाण्याबाहेर काढायचे नाही, साक्षीदाराने त्यांची खरी हकीकत त्यांच्यासमोर सांगायची आणि सोडून द्यायचे.

"पहिले बर्फ पडण्याआधी," शीतनाथ म्हणाला. "बर्फाखाली गेलेली उंची परत येत नाही. माझा खंड्या तुमच्यासोबत येईल. त्याला खोटे कळते."

खरी हकीकत हे शब्द रंभाजीने मनातल्या मनात तिन्ही माशांना लावून पाहिले. पहिल्या दोन माशांचे ठीक होते. थोरलीतला तो पहिला मासा मात्र राजाने धरलाच नव्हता. सात वर्षांचा राजपुत्र तीन दिवस गळ टाकून रडवेला झाला होता, तेव्हा रंभाजीने स्वतः एक ठिपका धरून, पोराची पाठ वळलेली पाहून, त्याच्या गळाला अडकवला होता. तीस वर्षे हे त्याने कुणाला सांगितले नव्हते. त्या माशावर राजाचे सारे राजेपण उभे होते, असे त्याला वाटे. उंची परत द्यायची आणि तो मासा काढून घ्यायचा, हे त्याच्याच वाट्याला आले.

रंभाजीने राजाला पागोट्याच्या घेरात बसवले, काठी खांद्यावर टाकली आणि तो निघाला. पुढे निळा खंड्या उडत होता आणि वाटेत एकदाच बोलला. "मी बुडी मारतो आणि मासा खातो. मला साक्षीदार लागत नाही," तो म्हणाला. राजाने पागोट्यात मान खाली घातली.

दुधीवर दुपारी करडे किडे उडत होते. रंभाजीने तित्तिराच्या पिसाचे तसेच करडे पाखरू बांधले आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकून ते वाहत येऊ दिले. मासा आला तो पाणी फोडून आला. काठी कमानीसारखी वाकली, रंभाजी कमरेइतक्या पाण्यात ओढला गेला, पण दोरी त्याने ताठ ठेवली आणि दमलेल्या माशाला ओल्या हाताने धरले. "वीतभर होता. राजाने धरला. मी खोटी साक्ष दिली," तो म्हणाला. मासा आकसून वीतभर झाला आणि निसटला. राजा हातभर वाढला, आणि पागोटे फाटले.

निळाईत धबधब्याखालचा मासा पाखराकडे ढुंकून बघेना. रंभाजीने चार पाखरे बदलली, मग मोरपिसाचे जड पाखरू खोल सोडले, तेव्हा कुठे तो लागला. त्याला पाहून राजाचा चेहरा उजळला. आता तर हा खरोखरच दीड हाताचा आहे, तेव्हा आपण बोललो ते खरेच ठरले, मग याला असाच राहू द्यावा, असे तो म्हणू लागला.

"मासा मोठा राहील, महाराज," रंभाजी म्हणाला. "तुम्ही लहान राहाल."

राजाने माशाकडे बराच वेळ पाहिले आणि मोठा सुस्कारा टाकून मान डोलावली. रंभाजीने खरे सांगितले. राजा अडीच हातांचा झाला, बरोबर सात वर्षांच्या पोराएवढा.

थोरलीवर पोचले तेव्हा आभाळ भरून आले होते. मासा पहिल्याच फेकीला लागला. ओल्या हातात त्याला धरून रंभाजी उभा राहिला. खंड्या फांदीवरून बघत होता.

"हा वीतभर होता," रंभाजी अखेर म्हणाला. "आणि महाराज, हा तुम्ही धरला नव्हता. मी धरून तुमच्या गळाला लावला. तुमचे रडणे मला बघवले नाही."

मासा आकसला आणि गेला. राजा होता तेवढाच राहिला.

"उंची परत येते ती राजाच्या माशावाटेच," खंड्या म्हणाला. "हा राजाचा मासाच नव्हता. आता राजाने आपल्या हाताने पाखरू बांधून आपला मासा धरावा. तरच उंची परत मिळेल."

रंभाजीच्या हातून काठी घेऊन राजा पुढच्या खडकावर जाऊन बसला. आजवर पाखरू रंभाजीने बांधायचे, जागा रंभाजीने दाखवायची आणि राजाने फक्त ओढायचे, असे चालले होते. रेशीम त्याच्या बोटांना गुंडाळले गेले. त्याचे पाखरू केरसुणीच्या तुकड्यासारखे दिसत होते. पहिली फेक झाडात अडकली, दुसरी रंभाजीच्या सदऱ्यात. रंभाजीचे हात शिवशिवत होते, पण त्याने ते काखेत दाबून धरले. या वेळी मदत केली तर राजा जन्मभर पोराएवढाच राहील, हे त्याला पक्के ठाऊक होते. शंभर फेकी झाल्या. डोंगरमाथा पांढरा होऊ लागला.

एकशे एकाव्या फेकीला पाखरू पाण्यावर कसे कोण जाणे अलगद उतरले. पाणी किंचित हलले. राजाने दोरी उचलली, ओला हात पुढे केला आणि हातातल्या माशाकडे बघतच राहिला.

"बोटभर आहे," तो म्हणाला.

त्याबरोबर तो साडेतीन हातांचा झाला. मासा त्याने पाण्यात सोडला, आणि पहिले बर्फ त्याच्या ओल्या बोटांवर येऊन पडले. खंड्या दुधीच्या उगमाकडे उडाला. रंभाजी मान खाली घालून शिक्षेची वाट पाहत उभा राहिला. राजा पाणी तुडवत त्याच्यापाशी आला. त्याचे डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होते.

"काका," राजा म्हणाला, "एवढे सुख तीस वर्षे तुम्ही एकट्यानेच घेतलेत होय?"

रंभाजीला हसू आवरेना आणि रडूही. दोघे तिथेच खडकावर बसले आणि राजाने रेशमाची गाठ कशी मारतात ते पहिल्यापासून विचारून घेतले. बर्फ पडत राहिले तरी उठायचे कुणाला सुचले नाही. त्या राज्यात पुढे राजे पुष्कळ झाले, पण बोटभर माशाची गोष्ट सांगताना ज्याचा दरबार श्वास रोखून ऐके, असा राजा तो एकच. त्याला त्याची उंची मिळाली, माशांना त्यांची लांबी मिळाली, तसे ज्याचे त्याला मिळो.