मेलेल्यांचं पाणी

एका जंगलात सिंह राज्य करत होता. जंगलात सिंहच राज्य करतो, हे तुम्ही पुस्तकात वाचलेलं असेलच. त्या जंगलातली पुस्तकं सिंहच छापून घ्यायचा, त्यामुळे त्यात चूक नव्हती.

सिंहाला एकच खंत होती. त्याच्या नावावर एकही लढाई नव्हती. शेजारच्या रानातले लांडगे एकदा चालून आले होते. पण नेमकं तेव्हाच महाराजांचं पोट बिघडलं आणि ते गुहेत राहिले. लांडग्यांनी थोडी वाट पाहिली, नदीकाठच्या चार मेंढ्या उचलल्या आणि ते परत गेले. आता निवडणूक जवळ आली होती. त्या जंगलात निवडणुका नियमित होत. उमेदवार एकच असे, पण प्रचार जोरात चाले.

म्हणून ठरलं, की त्या लढाईवर चित्रपट काढायचा. निर्माता मोतीशेठ कोल्हा, दिग्दर्शक बगळेसर आणि नायक स्वतः महाराज. कमी होती ती फक्त महाराजांसाठी लढता लढता मरणाऱ्या सैनिकांची. ते काम शेळ्या, मेंढ्या, हरणं आणि रेडे यांना मिळालं. या मंडळींना अनुभवही होता.

मुलांनो, मेल्याचं काम सोपं वाटतं, पण तसं ते नसतं. चित्रीकरणाच्या माळावर उन्हात पडून राहायचं, नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. डावीकडे मान टाकून मेलेल्याने जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा डावीकडेच मान टाकायची, नाहीतर पडद्यावर मढ्याने कूस बदललेली दिसते आणि प्रेक्षक हसतात. या कामात तानाक्का शेळीचा हात धरणारं कोणी नव्हतं. पहिल्याच दिवशी तिचा मरतानाचा चेहरा जवळून टिपला गेला. प्राण सोडताना तिने महाराजांकडे असं काही पाहिलं, की बगळेसरांचे डोळे भरून आले. दिवसभरात त्या माळावर दिसलेलं पाणी तेवढंच.

तानाक्काच्या शेजारी केतू नावाची हरणी मरून पडायची. एके दिवशी संध्याकाळी पॅकअपची आरोळी झाली. सगळे मेलेले उठले, अंग झटकून घरी निघाले. केतू उठली नाही.

"केतू, अगं ऊठ. झालं आता," तानाक्काने तिला शिंगाने हळूच ढोसलं.

बगळेसर छत्रीखालून पाहत होते. "बघा! याला म्हणतात भूमिकेत शिरणं. शिका जरा हिच्याकडून!"

तानाक्काने केतूच्या तोंडाला तोंड लावून पाहिलं. जीभ खडखडीत वाळली होती.

दुसऱ्या दिवशी मेलेल्यांची सभा भरली आणि संघटना झाली. मागणी एकच होती. मरायला आमची हरकत नाही, पण दोन शॉटच्या मध्ये घोटभर पाणी मिळालं पाहिजे. तोवर कोणी मरणार नाही. माळावर घोषणा घुमल्या, "पाणी नाही, तर मरण नाही!"

मोतीशेठ धावत आला. "तानाक्का, तू तरी समजूतदार आहेस. मला सांग, मेलेल्याला तहान लागते का? तहान लागली म्हणजे अभिनय कच्चा."

"शेठ, मेलेल्याला मजुरी तरी कुठे लागते? ती देताच ना?"

"देतो, ही आमची चूक," मोतीशेठ गंभीरपणे म्हणाला. "दुरुस्त करू."

काम बंद पडलं. मरायला कोणी नाही म्हटल्यावर महाराजांना जिंकताही येईना. ते रोज तलवार घेऊन रिकाम्या माळावर उभे राहत आणि रोज उन्हं उतरली की परत जात. शेवटी त्यांनी प्रजेला उद्देशून भाषण केलं.

"माझ्या लाडक्या प्रजाजनांनो! माझ्यासाठी मरताना तुम्ही कधी मागेपुढे पाहिलं नाहीत. तुमच्या वाडवडिलांनी पाहिलं नाही. तेव्हा कोणी पाणी मागितलं होतं? हे पाणी मागायला तुम्हाला कोण शिकवतंय? शेजारचे लांडगे तर नव्हेत?"

मेंढ्यांनी एकमेकींकडे संशयाने पाहिलं. मेंढ्यांना तेवढं पुरतं.

त्याच संध्याकाळी मोतीशेठने हणम्या रेड्याला चहाला बोलावलं. हणम्या परत आला तेव्हा त्याच्या डोक्यावर छत्री होती आणि त्याचं नाव हणमंतराव झालं होतं. तो आता 'मान्यताप्राप्त मृत कलावंत महासंघ' या नव्या संघटनेचा अध्यक्ष होता.

"हणम्या, केतू तुझ्या डोळ्यांदेखत गेली रे," तानाक्का म्हणाली.

"हणमंतराव म्हण, तानाक्का. आणि पाणी मिळणारच आहे. करारात स्पष्ट लिहून घेतलंय मी. विजयानंतर पाणी."

"कोणाच्या विजयानंतर?"

"ते वाटाघाटींत आहे," असं म्हणून हणमंतरावांनी छत्री दुसऱ्या खांद्यावर घेतली.

मेंढ्या हणमंतरावांच्या मागून माळावर गेल्या आणि रांगेने मरून पडल्या. तानाक्का बाहेर राहिली. पण तिचं मरण आधीच टिपलेलं होतं, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही.

चित्रपट पूर्ण झाला. तो पाहणं प्रत्येकाने आनंदाने सक्तीचं मानलं. महाराज पडद्यावर एकटे पन्नास लांडग्यांना लोळवत होते. शेवटी तानाक्काचा चेहरा पडदाभर आला, ती प्राण सोडताना दिसली आणि सगळं जंगल हुंदके देऊ लागलं. महाराजही रडले. लढाई इतकी भीषण झाली होती, याची त्यांना कल्पनाच नव्हती.

मग फर्मान निघालं, की हा चित्रपट म्हणजेच इतिहास. शाळांत तोच शिकवायचा. ओघानेच दुसरं फर्मान निघालं, की चित्रपटात जे मेले ते मेले. त्यांना हुतात्मा म्हणायचं आणि हुतात्म्यांना धान्य लागत नसल्यामुळे त्यांचा वाटा महाराजांच्या कोठारात जमा करायचा. हणमंतरावांनी या सन्मानाचं स्वागत केलं. ते स्वतः चित्रपटात फक्त जखमी झाले होते.

हुतात्म्यांच्या स्मरणार्थ माळावर संगमरवरी पाणपोई उभी राहिली. वर तानाक्काची भली मोठी तसबीर होती. बातमी कळताच तानाक्का तिथे गेली. दारावर कुत्रा होता.

"मागे हो. ही हुतात्म्यांची पाणपोई आहे."

"अरे बाबा, वर बघ. मीच आहे ती."

कुत्र्याने तसबीर पाहिली, तानाक्काला पाहिलं, पुन्हा तसबीर पाहिली. "तू ती असशील तर तू मेलीस. मग तुला तहान कशी लागली?"

"आणि मी ती नसेन तर?"

"मग ही पाणपोई तुझ्यासाठी नाही."

कुत्रा वाईट नव्हता. त्याला जे सांगितलं होतं, त्यात कुठेही फट नव्हती.

उद्घाटनाला सगळं जंगल उन्हात उभं होतं. महाराजांनी तसबिरीला हार घातला आणि ते बोलायला उभे राहिले. तेवढ्यात गर्दीतून तानाक्का जीव तोडून ओरडली, "महाराज, पाणी सोडा! केतू पाण्यावाचून मेली! पाणी सोडा!"

मोतीशेठने हणमंतरावांकडे पाहिलं. हणमंतरावांनी छत्रीकडे पाहिलं. महाराजांनी मात्र डोळे मिटले आणि एक हात छातीवर ठेवला.

"ऐकलंत?" ते सद्गदित होऊन म्हणाले. "आमच्या हुतात्म्यांचा आवाज आजही ऐकू येतो! चला, त्यांच्यासाठी सर्वांनी मौन पाळू या."

सगळं जंगल मान खाली घालून उभं राहिलं. तानाक्का ओरडतच होती, म्हणून मौन मोडून हुतात्म्यांचा अपमान केल्याबद्दल तिला पकडून नेण्यात आलं. मेलेल्याला अटक कशी करता येते, असं काही जणांच्या मनात आलं. पण त्यांनी ते विचारलं नाही. मौन संपल्याचं महाराजांनी अजून जाहीर केलेलं नाही.