सगुणाईची साद

डोंगरात गाडीवाट नव्हती, आणि ती काढणाऱ्यांचे पणजोबाही जन्मले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. खाली कोकण, वर देश आणि मधे हा डोंगर. सात सोंडा, त्यांच्या पोटात सहा दऱ्या आणि सगळीकडे असं दाट रान, की भर दुपारी पायाखाली ऊन पडायचं नाही. अगदी माथ्यावर, खिंडीजवळ, गवळी धनगरांची पंधरा घरं होती. आषाढात धुकं उतरायचं ते भाद्रपद सरेपर्यंत हलायचं नाही. दारातली म्हैस दिसायची नाही, तिच्या गळ्यातली घंटा तेवढी ऐकू यायची.

त्या वाडीत सगुणा झोरे नांदत होती. तिचा नवरा तूप घेऊन कोकणात उतरला, आणि मिठाची गोणी घेऊन वर येताना धुक्यात वाट चुकला. पाचव्या दिवशी तो कड्याखाली सापडला. पायवाट कड्यापासून तीस पावलांवर होती.

सगुणा तेव्हा बावीस वर्षांची. तेरावं झाल्यावर भाऊ न्यायला आला. ती म्हणाली, "दादा, मी येत न्हाई. तीस पावलांपायी माणूस गेला माझा. हा डोंगर मला ठावा करून घ्यायचाय."

आणि ती डोंगर चालू लागली. धुक्यात डोळे काय कामाचे, म्हणून डोळे मिटून चालायची, अनवाणी. कारवी कुठं संपते, कुठला ओढा कुठं वळतो, खारा वारा कुठल्या सोंडेवर लागतो, सगळं तिनं अंगात मुरवून घेतलं. बारा वर्षं ती अशी हिंडली. शेवटी शेवटी रानातला बिबट्याही तिची चाहूल लागली की वाट सोडून बाजूला बसायचा, असं म्हणतात.

तोवर त्या वाटेवरच्या जागांना नावं नव्हती. सगुणानं ती दिली. जिथं ओझं टेकता येतं तो टेकदगड. जिथं पाय घसरतो ती शेवाळी. जिथं पावसाचं पाणी फुटून अर्धं समुद्राकडे आणि अर्धं देशाकडे जातं ती पाणफुटी. वाडीतल्या मुली खाली कोकणात दिल्या जायच्या. त्यांना माहेरची वाट यायला हवी, म्हणून ती एकेकीला मांडीवर घेऊन ही नावं म्हणायला लावायची. मुलींना ती पाळण्यातल्या गाण्यासारखी पाठ झाली.

एका जागेला मात्र तिनं नाव दिलं नाही. कुणी विचारलं तर ती उठून म्हशीला वैरण घालायला जायची. त्या काळी बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसत, आणि त्या जागेला दुसरं नाव तिला सुचत नव्हतं.

वर्षं गेली. सगुणाची सगुणाई झाली. पाय थकले, उंबऱ्याबाहेर जाणं संपलं. एका श्रावणात पंचमीला वाडीच्या नऊ लेकी मिळून माहेरी यायला निघाल्या. दोघींच्या पाठीशी तान्ही बाळं बांधलेली. त्या अर्ध्या डोंगरात असताना धुकं असं दाटलं, की पुढचीला मागची दिसेना. दुपार कलली तरी कुणी पोचलं नाही. सगुणाई म्हणाली, "मला खिंडीत न्या." चार गड्यांनी तिला घोंगडीच्या झोळीतून नेलं आणि खडकावर बसवलं.

तिनं साद घातली, "टेकदगऽऽड."

बऱ्याच वेळानं खालून, अगदी बारीक, उत्तर आलं, "टेकदगड मागं पडलाऽऽ."

मग तिनं पुढचं नाव घेतलं. लेकी तिच्या आवाजाच्या रोखानं चालत, जागा ओळखत, ओ देत राहिल्या. शेवाळी झाली, पाणफुटी आली. तिचा घसा बसला तेव्हा दऱ्यांनीच तिचे शब्द उचलून पुढे नेले, असं म्हणतात.

आणि मग ओ येईना. ती पुन्हा पुन्हा हाक मारत राहिली. शेवटी सगळ्यांत पुढची, तावजी शेळक्याची लेक रखमा, रडवेल्या आवाजात बोलली, "आई, आमी कुटं आलोय ते सांगता येत न्हाई. हितल्या जागेला तू नावच दिलं न्हाईस."

"पायाखाली काय हाय?"

"सपाट खडक. वारा खालनं वर येतोय."

गडी सगुणाईच्या तोंडाकडे बघत राहिले. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला, आणि चाळीस वर्षांत जे ओठांवर आणलं नव्हतं ते सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं म्हणाली, "तो धाकूचा कडा, पोरींनो. माझ्या धाकूचा. पुढं पाऊल टाकू नका. वारा पाठीवर घ्या, हातात हात धरा आन् तीस पावलं मोजा."

लेकींनी तीस पावलं मोजली. पायवाट लागली. दिवेलागणीला नऊही जणी खिंडीत पोचल्या आणि तान्ह्या बाळांसकट तिच्या कुशीत शिरल्या. त्या वेळी, फक्त तिच्याभोवती, हातभर जागेतलं धुकं विरून गेलं होतं, असं म्हणतात.

सगुणाई त्याच हिवाळ्यात गेली. पण धुक्याच्या महिन्यांत आजही वाडीतल्या घरांची पाळी लागते. पाळीचं माणूस दुपारी खिंडीत उभं राहतं आणि सगळी नावं क्रमानं हाकारतं. आता खालून सडक झाली, पायी क्वचितच कुणी येतं. मागे एका पाहुण्यानं पाळीवरच्या म्हातारीला विचारलं, "मावशी, वाटेवर कोणीच नाही, मग साद कशाला?"

म्हातारी म्हणाली, "कोनी न्हाई ते या धुक्यात तुला कसं दिसलं, बाबा?"

आणि ती पुढचं नाव घ्यायला वळली.