चुटकी पाल आणि हत्तीचा डोळा

एक देऊळ होतं. जुनं, खूप जुनं. भिंतीवर रंगवलेला हत्ती होता. निळा निळा! हत्तीच्या कानाशी एक फट. फटीत राहायची चुटकी पाल. बोटाएवढी.

रोज सकाळी चुटकी बाहेर यायची. हत्ती तिच्याकडे बघायचा. मग चुटकीचा दिवस सुरू!

एकदा देवळापुढे रस्त्याचा रोलर आला. गुडगुड गुडगुड! थरथर थरथर! भिंतीचा टवका उडाला, हत्तीचा डोळाच पडला. टप्प!

आता चुटकीकडे बघणार कोण?

चुटकीनं डोळा उचलला. निघाली. सुळसुळ सुळसुळ.

आली चुना लावणाऱ्या येसूकडे.
"येसूबाई, डोळा लावा."
येसूनं डोळा कापसावर ठेवला. "लावीन की! गूळ घातलेला चुना आहे माझा. पण डुलत्या भिंतीवर चुना बसत नाही. आधी भिंत थांबव."

सुळसुळ सुळसुळ.
"भिंतीबाई, भिंतीबाई!
येसू डोळा लावेना.
हत्तीनं बघायचं कसं?"
भिंत म्हणाली, "मी का हौसेनं डुलते? रस्ता हलवतो मला. त्याला सांग."

सुळसुळ सुळसुळ.
"रस्तेदादा, रस्तेदादा!
भिंत डुलणं सोडेना,
येसू डोळा लावेना.
हत्तीनं बघायचं कसं?"
रस्ता म्हणाला, "माझ्या पाठीवर रोलर! हलू नको तर काय करू? त्याला सांग."

सुळसुळ सुळसुळ.
"रोलरभाऊ, रोलरभाऊ!
रस्ता हलणं सोडेना,
भिंत डुलणं सोडेना,
येसू डोळा लावेना.
हत्तीनं बघायचं कसं?"
रोलर म्हणाला, "मुकादम ओरडतो, लवकर लवकर! त्याला सांग."

सुळसुळ सुळसुळ.
"शी! पाल!" मुकादम ओरडला.
"पाल तर पाल. आधी ऐका!
रोलर थरथर सोडेना,
रस्ता हलणं सोडेना,
भिंत डुलणं सोडेना,
येसू डोळा लावेना.
हत्तीनं बघायचं कसं?"
"डास चावतोय गं! कानाला, नाकाला! इथे उभं राहवत नाही. घाई करू नको तर काय? त्याला सांग."

डास आला. गुं गुं गुं.
"डासोबा, डासोबा!
मुकादम घाई सोडेना,
रोलर थरथर सोडेना,
रस्ता हलणं सोडेना,
भिंत डुलणं सोडेना,
येसू डोळा लावेना.
हत्तीनं बघायचं कसं?"
डास हसला. "मी चावणारच! तू काय करशील, एवढीशी?"

एवढीशी? अरे, पाल आहे ती!
चुटकीनं जीभ काढली. लप्! गट्टम!

डास संपला. मुकादमानं घाई सोडली. रोलरनं थरथर सोडली. रस्त्यानं हलणं सोडलं. भिंतीनं डुलणं सोडलं. येसूनं डोळा लावला. थाप थाप थाप!

हत्तीनं आधी कोणाला बघितलं?
चुटकीला!

मुकादम म्हणाला, "आता देवळापाशी रोलर हळूच जाईल. थरथर बंद!"
वरून आवाज आला, चुक चुक!
बोलताना पाल चुकचुकली, की बोललेलं खरं करावं लागतं. येसूनं जमिनीवर बोट आपटलं. टक टक. "खरं, खरं! आता शब्द फिरवून दाखवा, बघतेच मी!"
मुकादमानंही बोट आपटलं. टक टक. "खरं हो येसूबाई, खरं."

रोलर गेला. गुड... गुड... गुड... अगदी हळू.
आणि डोळा? जागच्या जागी!

डोळा हत्तीला, डास चुटकीला, गोष्ट तुम्हाला. चुक चुक!