जुन्या दोराचं माप

वस्तू बोलायच्या त्या काळची गोष्ट. नगराच्या पाणपोईला नगरशेठ दर पाडव्याला विहिरीसाठी नवा दोर देत. जुन्या दोराशेजारी ठेवून, अगदी तेवढाच मापून.

त्या पाडव्याला पोहरा नव्या दोराच्या आनंदात झोके घेतच विहिरीत उतरला आणि अधांतरी लटकला. पाणी यंदा फारच खाली गेलं होतं. वर रांजण कोरडा आणि वाटसरू खोळंबलेले.

"दोर दरवर्षीएवढाच दिलाय," नगरशेठ म्हणाले.

"म्हणूनच पोचत नाही, शेठजी," पोहरा आतून ओरडला. "जुना दोर काय मापता? विहीर मापा."

नगरशेठांनी वाकून पाहिलं. मग डोक्यावरचं पागोटं सोडून त्यांनी दोराला घट्ट बांधलं. पोहरा सरसर खाली निघाला. काठावर सगळ्यांनी कान टवकारले.

खालून आवाज आला, डुबुक.