तिसऱ्या हाकेची ओ

दारांवर डोळे बसायला लागले तेव्हाची गोष्ट. कुंदाताईंच्या ओसरीवर नवा कॅमेरा लागला. दाराच्या जुन्या कडीने त्याला बजावलं, "तिन्हीसांजेला तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची. भूत दोनदाच हाक मारतं."

कॅमेऱ्याने ते मनावर घेतलं. घरातला राउटर "आहेस का?" असं दोनदा विचारी आणि उत्तर नाही म्हणून त्याचं वायफाय तोडून टाकी. रोज संध्याकाळी कुंदाताई फोनवर कॅमेरा बंद बघून करवादत, "गेला मेला परत!"

शेवटी राउटर चिडला. "मी काय भूत आहे? पहिल्याच हाकेला ओ देत जा."

त्या तिन्हीसांजेला हाक आली, "आहेस का?"

"ओ! आहे," कॅमेरा लगेच म्हणाला.

खाली कडी आपोआप निघाली. तेवढ्यात आतून राउटरने विचारलं, "कुणाला ओ दिलीस रे? मी अजून हाकच मारली नाही."